रेडिओची ओटी

मी रेडिओवर रडले की आमची सासू पदराने डोळे पुसायची. मी घरात रडले की म्हणायची, "पुरे गो, चुलीचो धूर लागलो काय?" रेडिओवर मीच, घरातही मीच. एकच घसा, एकच नाक. हे त्या बाईच्या डोक्यात उतरवता उतरवता मी थकले. आज मी तिच्या त्या वेळच्या वयाची झाले तरी आठवलं की चिडायला होतंच.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती ते दिवस. आम्ही लालबागला चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत तिघं राहायचो, मी, नवरा आणि सासू. नवरा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. सासू मालवणकडची, मुंबईत येऊन जन्म गेला तरी बोलणं गावचंच राहिलेलं. माझं माहेर गिरगावातलं. मॅट्रिकपर्यंत शिकले होते, शाळेच्या नाटकांत कायम पुढे. त्या नाटकांतल्या ओळखीनेच रेडिओवर आवाजाची परीक्षा दिली आणि चक्क पास झाले. दुपारी बायकांसाठी कार्यक्रम असायचा. त्यात आठवड्यातून दोनदा एक घरगुती श्रुतिका लागायची, संपता संपायची नाही. आजच्या मालिकांची आजीच म्हणा ना. तिच्यात मी सून. आधी बोलून ठेवायची सोय नव्हती. लाल दिवा लागला की तोंडातून जाईल ते थेट लोकांच्या घरात.

लोकांच्या घरात म्हणजे आमच्याकडे जिन्याजवळच्या काकूंच्या खोलीत. अख्ख्या मजल्यावर रेडिओ तेवढा त्यांच्याकडे, फळीवर, वर क्रोशाचं विणलेलं झाकण. दुपारची भांडी आटोपली की बायका तिथे जमायच्या, खोलीत मावल्या नाहीत तर गॅलरीत बसायच्या. सासूची जागा अगदी पुढे. मी तेव्हा फोर्टात स्टुडिओत असायचे, त्यामुळे तिथे काय चालायचं ते मला परत आल्यावर कळायचं, आणि ते ऐकून ऐकूनच माझं डोकं उठायचं.

श्रुतिकेची गोष्ट साधी. सुनेला मूल होत नाही. सासू खाष्ट. ती मुलाचं दुसरं लग्न करायला निघालेली, आणि मुलगा मुखदुर्बळ. ऐकून आमची सासू त्या रेडिओवरच्या सासूला अशा शिव्या घालायची की काकू रेडिओचा आवाज वाढवायच्या. "मेली कैदाशीण! त्या गरीब पोरीच्या उरावर सवत हाडता! हिचा वाटोळा होतला!" मी ट्रामने घामाघूम होऊन घरी यावं, तर ही उंबऱ्यातच. "आज काय सोसल्यान गो तिना! तू असतंस तर उलट बोलली असतंस."

"आई, ती मीच ना!"

"तू खयची? तिचा बोलणा कसा मऊ. तुझा बघ."

आता ह्यावर काय बोलणार? बरं, हे एकट्या सासूचं असतं तर म्हातारी म्हणून सोडून दिलं असतं. पण सगळ्या लालबाग-परळचंच डोकं फिरलेलं. बाजारात मासेवाली मला आवाजावरून ओळखायची. दोन बांगडे वरती टाकायची आणि म्हणायची, "तू मधले तुकडे खा, सासूला डोकी घाल." आमच्या सासूला डोकीच आवडायची, ती खूश. ट्राममध्ये एक बाई माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, असल्या नवऱ्याला सोडून द्या तुम्ही. भायखळ्याला उतरताना वळून म्हणाली, पण खरंच सोडू नका हं, कुंकवाचा धनी आहे. अहो बाई, माझं तिकीट काढायचं राहिलं तुमच्या नादात!

बाजूच्या चाळीतून एक बाई यायच्या, त्यांच्या घरी नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा झालेली. तोंडाने फटकळ, पण माझ्याशी माया. त्यांचं म्हणणं, सुनेने नोकरी धरावी, वेगळी खोली घ्यावी आणि त्या घराला रामराम ठोकावा. तशी पोस्टकार्डंसुद्धा टाकली त्यांनी रेडिओला. मला भेटल्या की विचारायच्या, "काय झालं माझ्या कार्डाचं? ती नोकरी कधी करणार?" म्हटलं, मावशी, करतेय की नोकरी. आत्ता तिथूनच येतेय. तर म्हणाल्या, "तुझं नाही गं विचारत, तिचं."

एकदा मोर्चा निघायचा होता आणि श्रुतिका नेमकी त्याच दुपारची. चाळीतल्या बायका मोर्चात नेहमी पुढे असायच्या, भीती माहीत नाही एकीला. पण त्या दिवशी सगळ्या आधी श्रुतिका ऐकून मग खाली उतरल्या, आणि पुरुष खाली ताटकळत उभे. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" चाललेलं असताना मधेच एकीने "सुनेला न्याय मिळालाच पाहिजे" असं घुसडलं आणि दोनचार पुरुषांनीही त्यावर ओरडून साथ दिली. हे मला आमच्या नवऱ्याने हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

का आलं नाही ते सांगते. माझ्या लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि मलाही मूल नव्हतं. वैद्य झाले, केईएमच्या बाजूचे डॉक्टर झाले, प्रभादेवीला गणपतीचे मंगळवार झाले. आणि आमच्या सासूने गावी एक मुलगी बघून ठेवली होती. शिमग्याला गावी जायचं, पालखी नाचली की बोलणी पक्की करायची आणि येताना तिला घेऊनच यायचं, असा बेत. मी माहेरी जाऊन राहावं. "तुका रेडिओचे पैशे मिळतत, तुझा काय अडता?" हे तिचं म्हणणं. कायद्याने दुसऱ्या लग्नाला बंदी आहे, हे मी सांगून बघितलं. "कायदो तुमच्या मुंबयत," ती म्हणाली, "गावाक कोण इचारता?"

तीच बाई. दुपारी रेडिओपुढे त्या कैदाशिणीला शिव्या घालून यायची आणि संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता मुलाला सांगायची, पोरगी कामाक वाघीण आसा, रंग जरा काळो, पण चलात. तिला ह्यात काही विसंगत वाटायचंच नाही. आणि चाळीला हे माहीत नव्हतं असं समजू नका. चाळीत कुणाच्या घरी काय शिजतं ते झाकण काढायच्या आधी कळतं. सगळ्यांना ठाऊक होतं. पण माझ्यासाठी कुणी चकार शब्द काढला नाही, आणि त्या रेडिओतल्या बाईसाठी मात्र पोस्टकार्डांवर पोस्टकार्डं!

आमचे हे? मैदानातल्या सभेला जाऊन घोषणा देऊन घसा बसवून यायचे. लाठीला भ्यायचे नाहीत, एकदा खांद्यावर वळ घेऊन आले. आणि आईपुढे? "आई म्हणते तर बघू." एवढंच. मी रात्री विचारलं, तुम्हाला हवीय का ती मुलगी? तर म्हणाले, नको. मग आईला सांगा ना. तर भिंतीकडे तोंड करून झोपले. जीव तोडून अख्खा महाराष्ट्र मागतोय माणूस, आणि बायकोला खोलीचा एक कोपरा मागून देता येत नाही! तेव्हाही हे मी तोंडावर म्हटलं होतं.

श्रुतिकेच्या लेखकांना माझ्या घरचं काही माहीत नव्हतं. गिरगावात राहायचे, सतत तोंडात पान, माणूस भला. त्यांनी गोष्ट कुठून आणली देव जाणे, गोष्टच तशी घरोघरची. पण मला एकच आशा लागली होती. सासू माझं ऐकत नाही, मुलाचं विचारत नाही, पण रेडिओचं ऐकते. शिमगा चारपाच महिन्यांवर आलेला. म्हणून एक दिवस तालीम संपल्यावर मी लाज सोडून त्यांना म्हटलं, "सुनेला मूल होऊ देऊ नका."

त्यांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "म्हणजे?"

"म्हणजे तिला मूल न होताच राहू द्या त्या घरात. सासूने म्हणू दे, तू आहेस तशी आमची. एवढं एकदा म्हणू दे तिला."

ते उठून पिंक टाकून आले. मग म्हणाले, बघतो, चांगलं आहे, नवीन आहे. मी तरंगतच घरी आले. पुढच्या आठवड्यात संहिता हातात पडली आणि सुनेला दिवस गेलेले! मी विचारलं, अहो, हे काय? त्यांनी मला पत्रांची पिशवी दाखवली. ठाण्यापासून कुलाब्यापर्यंतच्या बायकांनी लिहिलेलं, तिची कूस उजवू दे, नाहीतर आम्ही रेडिओ बंद करू. एकीने तर अंगारा पाठवला होता, घडी करून. "श्रोत्यांची इच्छा," ते म्हणाले, "माझ्या हातात काय आहे?" मायाळू बायका होत्या हो त्या. मला ठाऊक आहे. पण त्या मायेनेच माझ्या पायाखालची फळी काढून घेतली.

कारण घरी येते तर सासूचा चेहरा असा खुललेला! "बघ! सोसल्यान तिना, देवान दिल्यान. तुका देवान दिल्यान नाय, त्याका मी काय करू?" झालं. माझ्या बाजूचा एकच वकील, तो रेडिओ, तोही उलटला.

त्यानंतरचे दिवस तर काय सांगू. चिंचा आल्या, आवळे आले, कुणी कैरीचं लोणचं आणलं. सगळं माझ्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, "हे तिला दे." कुणाला देऊ? खिडकीतून फेकू? मी खाल्लं तर पंचाईत, "अगं, तुझ्यासाठी नव्हतं ते." रेडिओवर मला उलट्यांचा आवाज काढावा लागायचा तो इतका जमला की त्या दिवशी काकूंनी म्हणे रेडिओपुढे लिंबू कापून ठेवलं. श्रुतिकेत महिने आपल्यासारखे चालत नाहीत, भराभर उडतात. त्यामुळे चाळीत दोन तट पडले. एक म्हणे सातवा लागला, दुसरा म्हणे कसला सातवा, आम्ही संकष्ट्या मोजल्यात, चौथासुद्धा नाही. कडाक्याची भांडणं ह्यावरून, नळावर बादल्या आपटून. शेवटी सातव्याचा तट जिंकला, कारण त्यात आमची सासू होती.

आणि सासूने जाहीर केलं, तिची ओटी भरायची.

मला वाटलं, बोलते आहे आपली. बायका मला कुणाच्याही ओटीभरणाला बोलवायच्या, हो. नारळ सोलायला, पानं मांडायला, मागाहून पातेली घासायला. ओटी भरायची वेळ आली की कुणीतरी मला हळूच सांगायचं, जरा आमटीकडे बघतेस का? मी आठ वर्षं आमटीकडे बघत होते. त्याचीही सवय होते माणसाला, नाही असं नाही.

त्या दिवशी श्रुतिकेत डोहाळजेवणाचाच भाग होता. तो करून मी घरी आले. जिना चढतानाच उदबत्तीचा वास आला. काकूंच्या दारात चपलांचा ढीग. आत बघते तर रेडिओ फळीवरून काढून चौरंगावर ठेवलेला, खाली रांगोळी. वर हिरवा खण पांघरलेला, खणावर नारळ, तांदूळ, खारका. बाजूला मोगऱ्याची वेणी गुंडाळलेली आणि आवाजाच्या बटणाला हळदकुंकू! समोर पाच फळांचं ताट. बायका एकेक करून पुढे होत होत्या, ओंजळीने तांदूळ घालत होत्या आणि वाकून रेडिओला सांगत होत्या, सुखरूप सुट गो बाय. मला आधी खरंच हसू फुटलं. म्हटलं, काय ह्या बायका! चिडून चिडून तरी किती चिडणार? माझ्या आवाजाचीच ओटी ती, मलाही जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

काकू म्हणाल्या, "बरी आलीस. बस, तूही भर."

मी पाय धुऊन आले, बसले, तांदळाच्या ताटात हात घातला. तेवढ्यात सासूने माझं मनगट धरलं.

"तू नको."

बाजूच्या चाळीतल्या त्या बाई दारातच उभ्या होत्या. ओटीबिटीत त्या हात घालत नसत, पण बघायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "का? तिनं का नको?"

"लेकुरवाळीन भरूची असता," सासू म्हणाली. "पयलटकरीण ती. हिचो हात लागान काय इपरीत झाला म्हणजे?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. अहो, ती बाई नाहीच कुठे! तिला पोट नाही, पोटात काही नाही, आणि जे काही आहे ते माझ्या घशातून निघतं. आणि तिला माझी दृष्ट लागणार? मी तोंड उघडलं ते चांगलं भांडायला. पण माझा घसा दाटला की आवाज खाली जातो आणि मऊ होतो, त्या लेखकांनी तेवढं हेरूनच मला घेतलं होतं. मुद्दाम काही केलं नाही मी. आवाज तोच निघाला.

"आई, मला मूल झालं नाही. होईल असं वाटतही नाही आता. पण आठ वर्षं ह्या घरात आहे मी. तुमचे पाय चेपते, तुमच्यासाठी पाणी तापवते. मला घालवू नका. मूल नाही त्या बाईला घर नको असतं का?"

आणि सगळ्यांच्या माना रेडिओकडे वळल्या.

रेडिओ बंद होता. विजेची वायरसुद्धा काढून ठेवलेली. तरी सगळ्या त्या खणा-नारळाकडे बघत होत्या, एक-दोघींनी पदर डोळ्यांना लावला. माझं मनगट अजून सासूच्या हातात होतं, आणि ती त्या रेडिओकडे बघून घळाघळा रडत होती. "असा बोला नको गो बाय," ती त्याला म्हणाली. "कोण घालवता तुका? मी आसंय मगे. कोण घालवूचा नाय."

मग हळूहळू एकेक मान माझ्याकडे वळली, आणि माझ्याकडून सासूकडे. ज्या बायका महिनोन्महिने त्या रेडिओवरच्या सासूला नावं ठेवत होत्या, त्या आता आमच्या सासूकडे बघत होत्या. काकू उगाचच वेणी नीट करायला लागल्या. दारातल्या बाई तेवढ्या म्हणाल्या, "आम्ही सगळ्यांनी ऐकलं हं, तुम्ही काय म्हणालात ते." सासूने माझं मनगट सोडलं, उठली आणि आमच्या खोलीकडे गेली. मी ओटी भरली नाही. इच्छाच मेली होती.

संध्याकाळी नवरा परळच्या सभेहून आला, नेहमीसारखा घसा बसलेला. सासू कोपऱ्यात पाय पसरून बसली होती. तो बसतो न बसतो तोच म्हणाली, "शिमग्याक मी गावाक जावचंय नाय. त्या लोकांका कळव, पोरगी दुसरीकडे दिया म्हणान."

तो आईकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. आणि म्हणाला, "बरं." आठ वर्षांच्या संसाराचा निकाल लागला आणि हा माणूस म्हणतो, बरं!

मी ताटं वाढायला घेतली. सासूच्या ताटात आमटी वाढली, वाटलं आता तरी मान वर करून माझ्याकडे बघेल, काहीतरी म्हणेल. तिने मान वर केली. मालवणीतच, अगदी स्पष्ट सांगितलं.

"तुज्यासाठी नाय हां गो. तसा मनात हाडू नको. त्या रेडिओतल्या पोरीक मी शब्द दिलंय, कोण घालवूचा नाय म्हणान. तो आता मोडूचो कसो?"

"बरं," मी म्हटलं. "सांगते तिला."